दारू नाही, मटण नाही, तरी ११० पैकी साडेत्रेसष्टच?

धोटा:

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीचा. वय ४६, यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब बघतो, म्हणजे दिवसाचे नऊ तास खुर्चीत.

लेक पुण्यात आहारशास्त्र शिकते. तिला गृहपाठ होता: घरातल्या एका माणसाचा वर्षभराचा आहार विचारायचा आणि त्याला गुण द्यायचे. बकरा अर्थातच मी. गेल्या रविवारी दीड तास बसवलं. 'पेरू महिन्यातून किती वेळा? काकडी किती फोडी?' असले प्रश्न. कोणाला आठवतं? तिने लावलेली पट्टी अमेरिकेतल्या हार्वर्डवाल्यांची, नाव ऑल्टरनेट हेल्दी ईटिंग इंडेक्स २०१०. अकरा रकाने, प्रत्येकी १० गुण.

माझं प्रगतिपुस्तक असं. भाज्या ४, फळं २, अख्खी धान्यं १०, गोड पेयं (घेत नाही म्हणून) १०, शेंगदाणे आणि कडधान्यं १०, मटण वगैरे (खात नाही म्हणून) १०, ट्रान्स फॅट ८, माशातलं ओमेगा-३ भोपळा, तेलातली चांगली म्हणवणारी चरबी ५, मीठ २, दारू अडीच. बेरीज साडेत्रेसष्ट. टक्के काढले तर ५७.७. फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला.

दारू पीत नाही म्हणून अडीच, आणि बेताची घेणाऱ्याला पूर्ण दहा! आई ७४ वर्षांची, माळकरी. तिने हे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे रोज पेलाभर घेतली असतीस तर पहिल्या वर्गात आला असतास की रे!" घरात अजून हसताहेत.

पण मला हसू येत नाही, कारण वडील १९९७ साली ५२ व्या वर्षी गेले, पहिल्याच अटॅकमध्ये. मी बारावीत होतो. आता माझं बीपी १३८/८८, एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल) १३१, उपाशीपोटीची साखर काठावर. तंबाखू, सिगारेट कधीच नाही. या ६३.५ चा आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत माझ्या हृदयाचं काय होणार याचा काही संबंध लावता येतो का? की ही नुसतीच कॉलेजची गंमत?

---

बांगडेकर:

भोपळा मिळालेला रकाना आमच्याकडे पाठवा. मालवणात त्यात दहापैकी दहा. आठवड्यातून चार दिवस तारली नाहीतर बांगडा. मिठाच्या रकान्यात मात्र खारा बांगडा आणि सुंगटं मिळून आमचा निकाल लावतील. तुमचे दोन आहेत, आमचे उणे दोन निघायचे.

---

वाटी-चमचा:

धोटा, लेकीला शाब्बास सांगा, दीड तास बापाला बसवणं सोपं नाही. मी अकरा वर्षं हेच काम केलं. भोर-वेल्ह्याकडच्या गावांत एका आरोग्य अभ्यासासाठी घरोघर जाऊन 'काय खाता' विचारायचं. पिशवीत तीन मापांच्या स्टीलच्या वाट्या, दोन चमचे, एक पळी आणि भाकरीच्या आकाराचे पुठ्ठ्याचे तीन गोल. लोकांना वाटायचं भांडी विकायला आली.

आधी आईंची शंका फेडते. ही पट्टी केली तेव्हाच्या अभ्यासांत बेताने पिणाऱ्यांना हृदयरोग कमी दिसत होता, म्हणून दहा. न पिणाऱ्याला अडीच. पण न पिणाऱ्यांत आजारपणामुळे सोडलेले कितीतरी असतात, ते आधीच खंगलेले, त्यांच्याशी तुलना केली की पिणारा ठणठणीत दिसणारच. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं सरळ सांगितलं की दारूचं निर्धोक असं प्रमाणच नाही. मी तुमच्या जागी असते तर तो रकाना खोडून शंभरापैकी मोजलं असतं. मग होतात ६१. घ्या, फर्स्ट क्लास.

पण हुरळू नका, कारण तुमचे वीस गुण फुकटचे आहेत. मटण खात नाही ते धर्मानं आणि कोल्ड्रिंक पीत नाही ते सवयीनं. ही पट्टी ज्या लोकांसाठी बनली त्यांच्याकडे हे दोन रकाने माणसामाणसांत मोठा फरक पाडतात. तुमच्या गल्लीत निम्म्या घरांना ते आपोआप मिळतील. आणि चहा? तो गोड पेयांच्या रकान्यात बसतच नाही, तिथे सोडा, सरबतं आणि फळांचे रस मोजतात. तुम्ही चहाचा आकडा लिहिला नाहीत, पण मागावरचा हिशेबनीस दोन कपांवर दिवस काढत असेल यावर माझा विश्वास नाही. पाच कप धरा, दोन-दोन चमचे साखर, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या थोडी वर असते. म्हणजे रोज दीड बाटली पिऊन तुम्ही दहापैकी दहा घेतलेत.

दुसरी भानगड धान्याची. पुरुषाला दिवसाला ९० ग्रॅम अख्खं धान्य झालं की या पट्टीत पूर्ण गुण. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांत ते होऊन जातं. त्यावर भाताचा डोंगर, सकाळचे पोहे, चारचं मैद्याचं बटर, एकादशीचा साबुदाणा, यातलं काही ही पट्टी बघत नाही. पांढऱ्या धान्यासाठी गुण कापायचा रकानाच नाही तिच्यात. दूध, दही, ताक यांचाही नाही, चांगलं म्हणून नाही आणि वाईट म्हणूनही नाही.

ही अडचण त्याच हार्वर्डमधल्या अंबिका सतीजांनी नेमकी पकडली. त्यांनी शाकाहारी खाण्याचेच दोन भाग केले. भाज्या, फळं, अख्खी धान्यं, डाळी, दाणे एका बाजूला. बटाटा, मैदा आणि पांढरा भात, फळांचे रस, मिठाई दुसऱ्या बाजूला. २०१७ साली छापलेल्या त्यांच्या आकड्यांत पहिल्या प्रकारचं सगळ्यात जास्त खाणाऱ्यांना हृदयविकार सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा २५ टक्के कमी, आणि दुसऱ्या प्रकारचं जास्त खाणाऱ्यांना ३२ टक्के जास्त. आणि दोन्ही प्रकार वनस्पतींचेच! आपल्याकडे 'मी शुद्ध शाकाहारी' म्हणून छाती पुढे काढणारे बहुतेक या दुसऱ्या गटात मोडतात. मला कितीदा दिसलंय. बाई सांगते "भाजी रोज असते की," आणि टोपलं उघडलं की बटाट्याचा रस्सा. बटाटा भाजीत धरायचा नसतो, हे सांगितलं की त्यांचा चेहरा असा होतो जणू मी त्यांच्या माहेराला नावं ठेवली.

आता तुमचा मूळ प्रश्न, आकडा आणि हृदय. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य क्षेत्रातली माणसं, तीन गट मिळून दोन लाखांवर, त्यातल्या काहींचा मागोवा ३२ वर्षं घेतला. २०२० साली निकाल आला. तुमची पट्टी धरून चार वेगवेगळ्या पट्ट्या लावल्या, आणि प्रत्येकीत वरच्या पाचव्या हिश्श्यातल्या लोकांना खालच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार १४ ते २१ टक्क्यांनी कमी. म्हणजे संबंध आहे. पण हा शंभरातून वीस लोक वाचतात असा हिशेब नाही. समजा शंभर जणांतल्या दहांना दहा वर्षांत अटॅक येणार होता, तर तिथे आठ. शिवाय नीट खाणारे बहुधा चालतातही, झोपतातही, डॉक्टरकडेही वेळेवर जातात. ते सगळं हिशेबातून वजा करायचा प्रयत्न होतो, पुरतं वजा होत नाही.

आणि त्या लोकांना दर चार वर्षांनी पुन्हा विचारून सरासरी काढलेली असते. तुमचा आकडा एका रविवारचा. वरून मिठाचे गुण तर रांगेतल्या नंबरावर असतात: त्या अभ्यासातल्या लोकांचे मीठ खाण्यानुसार दहा भाग पाडायचे आणि सगळ्यात कमीवाल्यांना दहा. तुम्ही घरात एकटेच बसलात, तुमची रांग कुठली? लेकीनं काहीतरी अंदाजाचा आकडा दिला असणार.

थोडक्यात, ही पट्टी गर्दीतल्या माणसांना ओळीनं उभं करायला केलेली आहे. एकट्याची बेरीज बघू नका, रकाने बघा. तुमचे भाज्या ४, फळं २, मीठ २. घर तिथे गळतंय.

माझ्या अनुभवात मीठ आणि तेल तोंडी विचारून कधीच कळत नाही. पुरुषाला काही माहीत नसतं आणि बाई म्हणते "अंदाजानं." म्हणून आम्ही शेवटी पुडा विचारायचो. मिठाचा किलोचा पुडा किती दिवस जातो? माणशी दिवसाला पाच ग्रॅम ही मर्यादा धरली तर पाच माणसांना तो चाळीस दिवस पुरला पाहिजे, आणि लोणचं, पापड, फरसाण यातलं मीठ त्यात आलेलंच नाही. तेलाचंही तसंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जे दिवसाचं ताट मांडलं त्यात दोन हजार कॅलरींना तेल-तूप २७ ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५, भाज्या ४०० आणि फळं १०० ग्रॅम. पाच माणसांचं तेल महिन्याला साडेचार लिटरच्या आसपास येतं. तुम्ही हिशेबनीस आहात, किराण्याचं खातं तुमच्याकडेच असेल. काढा.

---

रानवारा:

माझे आजोबा रोज वाटीभर तूप, सकाळी शिळी भाकरी, रात्री मटण. ९१ वर्षं जगले, दवाखाना माहीत नाही. हे गुणबिण सगळे गोळ्यावाल्यांचे धंदे. नशिबात असेल तेव्हा येतो अटॅक.

---

वाटी-चमचा:

आजोबांना नमस्कार. त्यांना किती भावंडं होती आणि ती कितव्या वर्षी गेली, हेही घरी विचाराल? आम्ही गावात हे विचारायचो. नव्वदीच्या आजोबांची गोष्ट प्रत्येक घरात, आणि पन्नाशीत गेलेल्या धाकट्या भावाची गोष्ट प्रत्येक घरात तिसऱ्या कपानंतर. शिवाय आजोबा रानात किती चालायचे ते वाटीच्या मापात येत नाही. तूप घ्या, पण बांधावरून फेऱ्याही तेवढ्या मारा.

नशिबाचं म्हणाल तर ५२ देशांतला इंटरहार्ट नावाचा अभ्यास आहे. त्यात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, बाकीच्यांना ५८-५९ व्या. आपलं नशीब पाच-सहा वर्षं अगोदर फुटतं म्हणायचं. धोटा, तुमच्या वडिलांचं वय वाचलं तेव्हा मला हाच आकडा आठवला.

पालेभाजीबद्दल एक राहिलं. दिल्ली आणि बेंगळुरूच्या रुग्णालयांत अटॅक आलेल्या ३५० जणांचं खाणं अटॅक न आलेल्या ७०० जणांशी ताडून पाहिलं होतं, २००४ साली छापलंय. आठवड्यातून तीन-चार वेळा पालेभाजी खाणाऱ्यांना धोका क्वचित खाणाऱ्यांपेक्षा ६७ टक्के कमी निघाला. मी या आकड्यावर पूर्ण भार टाकत नाही, कारण अटॅक येऊन खाटेवर पडलेला माणूस आपलं खाणं वेगळंच आठवतो. कोणी शहाण्यासारखं सांगतो, कोणी पश्चात्तापानं वाढवून सांगतो. पण दिशा तीच आहे, आणि तांदुळजा कोणाला महाग पडत नाही.

---

लेस्टरची सून:

इथे इंग्लंडमध्ये चाळिशी ओलांडली की ७४ पर्यंत दर पाच वर्षांनी सरकारी तपासणीला बोलावतात. नवऱ्याची झाली तेव्हा मी सोबत होते. नर्सनं क्यूरिस्क नावाच्या गणकयंत्रात भरलं: वय, वंश (भारतीय असा वेगळा पर्याय असतो), सिगारेट, मधुमेह, बीपी, कोलेस्टेरॉल, उंची-वजन, आणि आईवडील किंवा भावंडांत साठीच्या आत कोणाला हृदयविकार झाला का. दहा वर्षांतला धोका टक्क्यांत आला. त्या यंत्रात जेवणाचा एकही रकाना नाही! मी विचारलं, तर ती म्हणाली, जेवणाचा बराचसा परिणाम बीपी, कोलेस्टेरॉल आणि वजनातून दिसतोच की. भाजी-फळांचं तिनं नंतर तोंडी सांगितलं, ते वेगळं.

तर धोटाभाऊ, धोक्याचा आकडा हवा असेल तर तो डॉक्टरकडून घ्या, तिकडे भारतातल्या डॉक्टरांकडे आपल्या भागासाठीचे जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते असतात. वडिलांचं ५२ व्या वर्षाचं मुद्दाम सांगा, त्या तक्त्यांत ते विचारत नाहीत. लेकीचे गुण स्वयंपाकघरासाठी ठेवा.

आमच्या सासूबाईंचं वेगळंच. त्यांना कोणीतरी दुसरी पट्टी दाखवली, २०२३ ची, २१ देशांतल्या जवळजवळ दीड लाख लोकांवरची. तिच्यात सहाच गोष्टी: फळं, भाज्या, दाणे, कडधान्यं, मासे आणि दूधदुभतं, तेही सायीसकटचं चालतं. तेव्हापासून दह्यावरची साय कोणी काढली की त्या 'अभ्यास' दाखवतात.

---

वाटी-चमचा:

सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. त्या पट्टीत दुधाचे गुण आहेत, पण साय, साखर आणि मीठ जास्त झाल्याबद्दल गुण कापायची सोयच नाही. ती फक्त चांगलं किती खाल्लं ते विचारते. त्यातही पाच-सहा गुणवाल्यांना हृदयविकार-पक्षाघात शून्य-एक गुणवाल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी होते. गरीब देशांतली माणसं त्यात बरीच होती, जिथे ताटात मुळात काही नसतं. तिथे दूध पडलं की सुधारणाच. लेस्टरच्या फ्रीजला ते तसंच्या तसं लागू होईल असं नाही.

---

बांगडेकर:

सहापैकी एक रकाना मासे. मी काही बोलत नाही.

---

धोटा:

सगळ्यांचे आभार. ताई, तुम्ही म्हणालात तसं खातं काढलं.

पाच लिटरचा तेलाचा डबा आमच्याकडे १९-२० दिवस जातो. घरात पाच माणसं: आई, आम्ही दोघं, धाकटा मुलगा आणि शिकायला आलेला पुतण्या. महिन्याला साडेसात लिटर. तुमच्या हिशेबाच्या तीन लिटर वर! बायको म्हणते त्यात दिवाळीचं तळण आहे. मी भाद्रपदाचं खातं दाखवलं. मग म्हणाली, गणपतीचे मोदक. आषाढ काढला, तर गप्प बसली आणि मग म्हणाली, "भडंग कोणाला लागतं रोज डबा उघडला की?" तो विषय मी तिथेच सोडला.

काल भाजी निवडून झाल्यावर काट्यावर ठेवली. सकाळी फ्लॉवर-बटाटा, रात्री भरली वांगी. दोन्ही मिळून साडेआठशे ग्रॅम, त्यातला बटाटा तीनशे. राहिलं साडेपाचशे, पाचांत माणशी ११०. चारशे कुठे आणि हे कुठे! लेकीला फोन करून सांगितलं, तर म्हणते, "बाबा, मग तुमचे चारसुद्धा जास्त दिले मी." गुण परत मागतेय.

चहा पाच नव्हे, सात. कारखान्यात येईल त्या गिऱ्हाइकाबरोबर अर्धा-अर्धा होतो, तो मी कधी मोजतच नव्हतो. सोमवारपासून टपरीवाल्याला माझा बिनसाखरेचा वेगळा करायला सांगितलं. त्याने विचारलं, "साहेब, शुगर निघाली काय?" आणि दुपारपर्यंत पूर्ण गल्लीत मला शुगर निघालेली होती.

डॉक्टरांची वेळ गुरुवारची घेतली आहे, रिपोर्ट आणि वडिलांची माहिती घेऊन जातो. आईला दारूच्या रकान्याचा खुलासा वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग आधीच नीट लिहायचं होतं त्यांनी."

मिठाचा नवा पुडा आज फोडला. बायकोने बरणीच्या झाकणावर आजच्या तारखेची चिठ्ठी चिकटवली. आईने विचारलं हे काय, तर धाकटा म्हणाला, "आजी, मिठाचा वाढदिवस." संपला की येऊन सांगतो किती दिवस गेला ते.